यादी कोणाच्या हाती? निसर्ग वादळानंतरच्या मदतकार्याचे एक प्रकरण

3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी 100 ते 110 किलोमीटर आणि मधूनच 120 किलोमीटरपर्यंत जाणाऱ्या वाऱ्याने काही तासांत मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा आणि खाडीपलीकडे मंडणगड-दापोलीपर्यंतच्या वाड्या आडव्या केल्या. या लेखात मांडलेले प्रकरण त्या वादळानंतर एका लहान मराठी ख्रिस्ती मंडळीने जून 2020 ते मे 2021 या काळात केलेल्या मदतकार्याचे आहे. मी त्या वेळी मंडळीचा कार्यवाह होतो. हिशेब, पत्रव्यवहार आणि यादी या तिन्ही गोष्टी माझ्याकडे होत्या, आणि पुढे ज्या चुका सांगायच्या आहेत त्यांतील निम्म्या तरी माझ्या हातच्या आहेत. गावाचे आणि माणसांचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण ज्यांच्या घरात आम्ही शिरलो त्यांनी आम्हाला मदतीसाठी आत घेतले होते, लिहिण्यासाठी नव्हे.

परिस्थिती

वादळ येण्याआधीच हा किनारा वाकलेला होता. 25 मार्चपासून टाळेबंदी चालू होती. मुंबईहून दरमहा येणारे पैसे थांबले होते आणि ते पाठवणारे चाकरमानीच शाळांच्या वर्गखोल्यांत विलगीकरणाचे दिवस काढून घरी परतले होते, त्यामुळे खाणारी तोंडे वाढली होती आणि कमावणारे हात बसून होते. प्रार्थनास्थळे बंद होती. राज्यात ती थेट 16 नोव्हेंबरला उघडली. आमची उपासना मोबाइलवर होत असे. वादळाच्या तीनच दिवस आधी, 31 मे रोजी, पेंटेकॉस्टचा रविवार होता, आणि पवित्र आत्मा सोसाट्याच्या वाऱ्यासारख्या नादाने उतरला या अध्यायावर पाळकसाहेबांनी उपदेश केला होता. बुधवारी खरा वारा आला. त्यानंतर ती उपमा त्यांनी पुन्हा वापरल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

बाहेरून येणाऱ्या माणसाला वादळाचे नुकसान म्हणजे उडालेले पत्रे आणि मोडलेले विजेचे खांब एवढेच दिसते. या पट्ट्यातील माणूस मात्र आधी वाडीकडे बघतो. श्रीवर्धनी रोठा सुपारी ज्या पोफळींना लागते त्या पोफळींना लावणीपासून फळ धरायला सहा ते आठ वर्षे जातात. माडांची तीच गत. त्यांच्या सावलीत जायफळ, मिरी आणि केळी वाढवलेली असतात, आणि वरची सावली गेली की खालचे पीक पुढच्या उन्हाळ्यात करपते. म्हणजे एका दुपारी जे पडले ते त्या वर्षाचे उत्पन्न नव्हते, पुढच्या आठ-दहा वर्षांचे होते.

शासनाने बागायतीच्या नुकसानीची मदत हेक्टरी 18,000 रुपयांवरून 50,000 रुपयांवर नेली, ही वाढ मोठी होती. परंतु आमच्याकडच्या वाड्या हेक्टरांनी नव्हे, गुंठ्यांनी मोजल्या जातात. हेक्टरात सुमारे 99 गुंठे बसतात, म्हणून दहा गुंठ्यांच्या वाडीवाल्याच्या वाट्याला पाच हजारांच्या आसपासच रक्कम येत होती. पुढे माडामागे 250 आणि पोफळीमागे 50 रुपये असा झाडांच्या मोजणीचा निकष आला, त्याने ही अडचण थोडी हलकी झाली. तरी हिशेब हेक्टरी असो वा झाडामागे, मदत मिळायची ती सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच. शासनाला यापेक्षा वेगळे काही करता आले असते असे मला वाटत नाही, कारण सार्वजनिक पैसा देताना कागद पाहावाच लागतो. आमचा पैसा मात्र खाजगी होता, आमच्यावर कागदाचे बंधन नव्हते, आणि तरीही पहिल्या फेरीत आम्ही कागदवाल्यांनाच शोधत गेलो.

पहिली फेरी

आमच्या मंडळीत अकरा कुटुंबे. त्यांतील चार कुटुंबांची स्वतःचीच छपरे उडाली होती. उरलेल्यांनी आणि मुंबई-पुण्यातील नातेवाइकांनी मिळून पहिल्या आठवड्यात जे पैसे जमवले त्यांतून आम्ही 140 पिशव्या भरल्या. प्रत्येकीत पाच किलो तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, मेणबत्त्या, काडेपेट्या आणि साबण होता. टेम्पो एका कोकणी मुसलमान मासळी व्यापाऱ्याने दिला. पावसाळी मासेमारीबंदीमुळे तो उभाच होता, आणि मालकाने डिझेलचेही पैसे घेतले नाहीत. आमच्या अहवालात त्याचा उल्लेख सुरुवातीला ‘वाहनाची सोय झाली’ असा एका ओळीत होता. ती ओळ मीच लिहिली होती, आणि आज वाचताना लाज वाटते.

फोन बंद, रस्त्यांवर झाडे, वीज केव्हा येईल याचा पत्ता नाही, अशा स्थितीत यादी कोठून मिळवायची हा प्रश्न होता. ओळखीच्या एका शिक्षकांनी आणि दोन वाडीवाल्या घरांनी ती करून दिली. त्यांनी प्रामाणिकपणे केली याबद्दल मला शंका नाही. पण माणूस यादी करू लागला की आधी आपल्या आळीतली घरे आठवतो, मग रस्त्यालगतची, मग ज्यांच्याकडे आपण लग्नाकार्याला जातो ती. तेथे कागद भरतो.

वाटप शाळेच्या पटांगणावर झाले. लोक अंतर ठेवून रांगेत उभे होते, आमची तरुण मुले नावांवर खुणा करीत होती, आणि देणगीदारांना पाठवण्यासाठी फोटोही काढले जात होते. यादीत नाव असलेल्या एक आजी रांगेत आल्या नाहीत. त्या पटांगणाच्या कडेला उभ्या राहून बघत होत्या. मी पिशवी घेऊन त्यांच्यापर्यंत गेलो, तेव्हा त्यांनी पिशवीकडे पाहिले, मग फोटो काढणाऱ्या मुलाकडे, आणि म्हणाल्या, “तांदूळ आहेत हो घरात. घरावर पोफळ आडवी पडली आहे, ती कोण काढणार?” माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्याकडे साधी करवतही नव्हती.

पण त्या दिवशीचा खरा धडा दुसरीकडून मिळाला. टेम्पो रस्त्यावरच थांबवावा लागला होता, म्हणून पिशव्या डोक्यावरून पटांगणापर्यंत न्याव्या लागत होत्या. हे काम सकाळपासून करणारा पस्तिशीचा एक गडी आम्ही न बोलावता आला होता. तो पोफळींवर चढून सुपारी उतरवण्याच्या मजुरीवर जगणारा. एका पोफळीच्या शेंड्यावरून खाली न उतरता शेजारच्या पोफळीवर झेप घेणारी जी माणसे असतात त्यांतला एक. वाटप संपल्यावर उरलेली पिशवी त्याला द्यावी म्हणून मी खूण करण्यासाठी नाव विचारले. नाव यादीत नव्हते. मी पुन्हा वरून खाली पाहिले. तो हसून म्हणाला, “शोधू नका. माझं नाव कशावर नाय, मग माझं पडलं काय नि राहिलं काय.”

त्या वाक्याचा अर्थ मला घरी पोहोचेपर्यंत पूर्ण कळला नव्हता. वाडीवाल्याच्या शंभर पोफळी पडल्या तर पंचनाम्यात शंभर पोफळी लागतात. पण त्याच शंभर पोफळींवर चढण्याची मजुरीही आठ वर्षांसाठी गेलेली असते, आणि ती कोठेच लागत नाही. पडलेल्या झाडाचा मालक असतो. पडलेल्या कामाचा नसतो. मग शोध घेतला तेव्हा अशी आणखी माणसे निघाली. नवऱ्याच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर नाव न चढलेल्या विधवा होत्या, ज्यांच्या वाडीचा पंचनामा दिराच्या नावाने झाला. आणि डोंगराच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी होती. दिवाळीनंतर वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामाला जाणारी ती माणसे टाळेबंदीमुळे अर्ध्यातून पायी परत आली होती. त्यांच्या झोपड्यांवर कौले वा पत्रे नव्हतेच, त्यामुळे ‘किती पत्रे उडाले’ या प्रश्नाला त्यांच्याकडून ‘एकही नाही’ असे उत्तर आले, आणि नुकसान शून्य धरले गेले. हा प्रश्न आमच्याच नमुन्यात होता. नमुना मी केला होता.

पडवीतील बैठक

पुढच्या रविवारी संध्याकाळी पाळकसाहेबांच्या पडवीत आम्ही सातजण अंतर राखून बसलो. वीज नव्हती. अजेंडा एकच होता, उरलेल्या पैशाचे काय करायचे.

मंडळीच्या एका वडिलांनी (म्हणजे एल्डरांनी) स्पष्ट भूमिका मांडली की आपल्याच चार घरांवर छप्पर नाही, त्यांचे आधी करावे. त्यांनी बायबलमधील गलतीकरांस पत्राचा आधार दिला. सर्वांचे बरे करा आणि विशेषतः विश्वासाने एका घराण्यात असलेल्यांचे, असे तेथे प्रेषित पौल लिहितो. हे म्हणणे स्वार्थाचे नव्हते आणि ते तसे समजले जाऊ नये. लहान मंडळीला आपली माणसे सांभाळता आली नाहीत तर ती दुसऱ्यांना काय सांभाळणार, हा रास्त प्रश्न आहे. तरी त्या चार घरांपैकी एका घरच्या बाईच, ज्या महिला मंडळाचे काम पाहतात, म्हणाल्या की आमचे छप्पर आधी झाले आणि समोरच्या घरात पाणी गळत राहिले तर त्या छपराखाली आम्हाला झोप येणार नाही. चर्चा तासभर चालली. शेवटी ठरले की आपली चार घरे यादीत असतील, पण सर्वांना लागू असलेल्या निकषानेच. त्या निकषावर पुढे दोनच घरे बसली.

मग पाळकसाहेबांनी बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकाचा सहावा अध्याय काढला. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची हयगय होते अशी कुरकुर सुरू झाली. ही घटना आपण रविवारच्या शाळेत शिकतो ती सेवकांच्या निवडीची गोष्ट म्हणून. त्या संध्याकाळी आम्ही ती यादीची गोष्ट म्हणून वाचली. पहिली मंडळी वाईट नव्हती. सर्व काही समाईक ठेवणारी माणसे होती ती. तरीही त्यांच्या वाटणीतून नेमक्या त्याच बायका गळाल्या ज्यांची भाषा वेगळी होती. प्रेषितांनी तक्रारीला फितुरी म्हटले नाही, आणि आम्ही स्वतः अधिक काळजी घेऊ असेही म्हटले नाही. त्यांनी मंडळीला सात माणसे निवडायला सांगितली, आणि स्तेफनापासून नीकलावापर्यंत ती सातही नावे ग्रीक आहेत. त्यावरून बरेच अभ्यासक असे अनुमान काढतात की ज्यांच्या बायका वाटणीतून गळत होत्या त्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटणी सोपवली गेली.

येथे माझे मत नोंदवतो, कारण या प्रकरणातून मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. शुभवर्तमानांत येशूला लोकसमुदाय पाहून कळवळा आला असे जेथे येते, किंवा वाटेत पडलेल्या जखमी माणसाला पाहून शोमरोनी वाटसरूला कळवळा आला असे जेथे येते, तेथे मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांच्या नावावरून आलेले आहे. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे आतडे तुटते, आतडे पिळवटते, आतड्याची माया असते. पण या दोन्ही ठिकाणी ‘पाहून’ हा शब्द आधी येतो. आतडे तुटते ते डोळ्यांपुढे असलेल्यासाठी. डोंगराच्या अंगाला, आपल्या रस्त्यापासून दोन ओढे पलीकडे राहणाऱ्यासाठी आपले आतडे आपोआप तुटत नाही, आणि त्यात आपले मन कठोर असते असेही नाही. तो आपल्याला दिसतच नाही. ज्याला दिसतो त्याच्या हातात कागद द्यावा लागतो. करुणेला यादी लागते ती यासाठी, आणि म्हणूनच ती यादी करुणावानांनी करू नये.

दुसरी यादी

दुसरी यादी तिघांनी केली. सुपारी उतरवणारा तो गडी, कातकरी वाडीतील सातवी शिकलेली एक तरुण बाई, आणि रांगेत न आलेल्या त्या आजी. आजींनी आधी नकार दिला. “मला गावात वाईटपणा नको,” असे त्यांचे म्हणणे होते. महिला मंडळाच्या बाईंनी त्यांच्या ओटीवर बसून दोन दुपारी त्यांचे ऐकून घेतले, तेव्हा त्या तयार झाल्या. त्यांची अट होती की फोटो काढायचे नाहीत. देणगीदारांना आम्ही फोटोंऐवजी बिले पाठवू लागलो, आणि एका देणगीदाराने त्यावरून पुढची मदत थांबवली हेही नोंदवले पाहिजे.

आमचा नमुना तिघांनी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. काय गेले हे विचारण्याऐवजी, आषाढाचा पाऊस आला तर या घरातील माणसे रात्री कोठे झोपतील, असे ते विचारीत. या प्रश्नाला खोटे उत्तर देणे अवघड असते, कारण शेजाऱ्याला खरे माहीत असते. आठ दिवसांत 31 घरांची यादी झाली. त्यातील जेमतेम सहा नावे आमच्या 140 जणांत होती. तलाठ्याच्या दप्तरातील चावडी वाचनाची रीत सर्वांना ठाऊक होती, म्हणून ही यादीही आजींच्या खळ्यात मोठ्याने वाचून दाखवायची असे ठरले. वाचनात एका नावावर लोक हसले. ते नाव गड्याच्या मेहुण्याचे होते आणि त्याच्या घराचे एक कौलही हललेले नव्हते. गडी खाली मान घालून बसला. कोणी त्याला बोलले नाही. आजींनी पेन्सिलीने नाव खोडले आणि पुढचे वाचायला सांगितले. यादी त्याच्याकडून काढून घ्यावी असे नंतर आमच्यातील एक-दोघांनी सुचवले. पाळकसाहेबांनी विचारले की आपल्या पहिल्या यादीत किती मेहुणे होते ते कोणी मोजले आहे का. विषय तेथेच संपला.

कामाची पद्धतही त्यांनीच बदलली. उरलेल्या पैशातून पुन्हा धान्य न घेता आम्ही झाडे कापायचे एक कटर विकत घेतले, दुसरे भाड्याने आणले, आणि सुपारी उतरवणाऱ्या नऊ गड्यांना रोजंदारीवर लावले. विधवांच्या आणि कातकऱ्यांच्या घरांवरची झाडे काढणे, वासे आणि रिपा बदलणे, कौले परतणे ही कामे त्यांनी केली. ज्याचे काम पडले होते त्याला मजुरी मिळाली, आणि जिचे घर पडले होते तिला छप्पर. हाच रुपया दोन घरांत फिरला. हे आमच्या डोक्यातून निघाले असते असे मला वाटत नाही. आम्ही देणारे होतो, आणि देणाऱ्याला रुपया एकदाच दिसतो.

सगळे सुरळीत झाले असे नाही. घाईने आणलेल्या ताडपत्र्या पातळ निघाल्या आणि जुलैच्या वाऱ्यात तीन आठवड्यांत फाटल्या. स्वस्त मिळाल्या म्हणून मी त्या घेतल्या होत्या. पत्र्यांचे भाव चढले होते, म्हणून पाच घरे यादीत असूनही त्या पावसाळ्यात झाली नाहीत, आणि त्यांतील एका घरातील म्हातारे गृहस्थ ओल्या भिंतीखाली आजारी पडून मुलीकडे निघून गेले. आडव्या पडलेल्या झाडात ताण साठलेला असतो, ते कापताना खोड उसळते. आमच्या तरुण संघातील एका मुलाच्या पायावर फांदी बसली, टाके पडले, आणि त्यानंतर कटरला फक्त गड्यांनीच हात लावायचा असा नियम झाला. उत्साह म्हणजे कसब नव्हे हे त्या मुलाच्या आईने मला ज्या शब्दांत सांगितले ते येथे लिहिण्यासारखे नाहीत.

घेण्याचा प्रश्न

जुलैमधील एका दुपारी कातकरी वाडीवर काम चालू असताना यादी करणाऱ्या त्या तरुण बाईने आम्हा चौघांना जेवायला बसवले. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. आम्ही घुटमळलो. कोरोनाची भीती होती हे खरे, पण तेवढेच कारण नव्हते. आपण मदत करायला आलो आहोत आणि यांच्या घरी आधीच कमी आहे, मग यांचे कसे खायचे, असा विचार मनात होता, आणि तो विचार जितका सभ्य दिसतो तितका तो नसतो. बाईने ताट पुढे सरकवले आणि म्हणाली, “दादा, तुमचं आम्ही घेतलं ना?” आम्ही बाहेर झाडाखाली एकमेकांपासून लांब बसून जेवलो.

परतताना पाळकसाहेब पौलाच्या जहाजाबद्दल बोलत राहिले. समुद्रकिनाऱ्यावरच्या माणसाला प्रेषितांच्या कृत्यांचे शेवटचे दोन अध्याय वेगळे वाचता येतात. 276 माणसे असलेले जहाज चौदा दिवस वादळात सापडते, खलाशी लहान होडीतून गुपचूप निसटू पाहतात, पौल सर्वांदेखत भाकर मोडून खातो आणि इतरांना धीर येतो. आपण बहुधा येथे थांबतो, कारण येथे आपला माणूस देणारा आहे. पुढच्या अध्यायात तो भिजलेला, थंडीने कुडकुडणारा, मिलिता बेटावर, म्हणजे आजच्या माल्टावर, लागलेला असतो. पाऊस पडत असतो, आणि त्याच्या देवाचे नावही न ऐकलेले लोक शेकोटी पेटवून सर्वांना जवळ घेतात. हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने त्यांच्या दयाळूपणाला ‘असाधारण’ म्हटले आहे. तीन महिने ती माणसे त्या बेटावर राहिली. ज्याने भूमध्य किनाऱ्यावर सुवार्ता नेली त्याला त्या रात्री परक्यांची आग घ्यावी लागली. पाळकसाहेब म्हणाले, “शेकोटीजवळ बसायला त्याने नाही म्हटले असते, तर पुढे बेटाच्या मुख्याच्या, पुब्ल्याच्या घरी जायला त्याला तोंड राहिले नसते.” टेम्पोवाल्यांच्या त्या एका ओळीची मला तेव्हा आठवण झाली. अहवाल नंतर दुरुस्त केला.

पत्रके आणि पावत्या

या काळातील सर्वांत टोकाचा वाद पैशावरून नव्हता. दुसऱ्या फेरीच्या आधी मंडळीतील दोघांनी सुचवले की प्रत्येक घरी एक छापील सुवार्ता-पत्रक द्यावे. लोक दुःखात आहेत, आशेचे वचन त्यांना का मिळू नये, हा त्यांचा प्रश्न मनापासूनचा होता. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे होते की ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला छप्पर देणाऱ्या हाताने दिलेला कागद नाकारता येत नाही, आणि नाकारता न येणारी गोष्ट सुवार्ता राहत नाही. याकोबाच्या पत्रातील उघड्या आणि उपाशी भावाला नुसतेच ‘ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणून पाठवणाऱ्याचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला गेला, हे मला आजही गमतीचे वाटते.

मदतीआडून धर्मप्रसार होतो या संशयाला मराठी समाजात इतिहास आहे आणि तो आपण विसरू नये. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाचे सल्लागार मंडळ 1893 मध्ये याच प्रश्नावर बाहेर पडले, आणि त्यात न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. आमच्यातील एका ज्येष्ठांच्या घरात वेंगुर्ल्याच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या रुग्णालयाच्या आठवणी पिढ्यांनी सांगितल्या जातात. ते म्हणाले की त्यांच्या आजीला तेथे मलम लावणारा हात आठवत असे, प्रवचन नव्हे. ठरले ते असे, की पत्रक द्यायचे नाही, कोणी आपण होऊन प्रार्थना मागितली तर नाकारायची नाही, आणि मागितली नाही तर सुचवायची नाही. सुचवणाऱ्या दोघांपैकी एकजण या निर्णयानंतर कामातून बाजूला झाले. आमचे संबंध टिकले, पण ते दुरावलेलेच राहिले. वर्षभरात प्रार्थना चार घरांत मागितली गेली. आजींनी मागितली नाही. त्या पाळकसाहेबांना कॅथलिक धर्मगुरूंसारखे ‘फादर’ म्हणत. पाळकसाहेबांनी ते दुरुस्त करणे केव्हाच सोडले होते.

हिशेबाबाबत आम्ही पौलाचीच रीत घेतली. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेला पैसा नेताना त्याने मंडळ्यांनी नेमलेला माणूस सोबत घेतला, कोणी दोष ठेवू नये म्हणून. आमच्या पावत्यांवर माझ्या सहीबरोबर यादी करणाऱ्या तिघांपैकी एकाची सही वा अंगठा असे. अंगठा हवा असे गड्यानेच सांगितले. त्याला सही येते, पण ज्यांना येत नाही त्यांना वाटू नये की हा कागदही आपला नाही.

मे 2021

सप्टेंबरपर्यंत 26 घरे झाली. लवकर हाती पैसा येईल म्हणून काही वाड्यांत केळी लावली, आणि पोफळीची नवी रोपे मिळवण्यासाठी लोकांनी आपापल्या परीने धावपळ केली. आमच्यातील पुष्कळजण आपापल्या नोकऱ्यांत परत गुंतले. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भट्टीवर गेली. यादीची वही आजींकडेच राहिली. ती परत मागण्याचे मला सुचले नाही, आणि नंतर मागावीशी वाटली नाही.

16 मे 2021 रोजी तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकत होते. कोरोनाची दुसरी लाट चालू होती, मंडळीतील दोघे दवाखान्यात होते, आणि यंदा काय करायचे हे ठरवायला आम्ही अजून बसलोही नव्हतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास गड्याचा फोन आला. मागे वारा घोंगावत होता, आवाज तुटत होता.

“कार्यवाहसाहेब, वही आजींकडून आणली आहे. खालच्या आळीतल्या दोन म्हाताऱ्या नि डोंगराकडची तीन घरं शाळेत हलवली. एक घर यायला तयार नाय, तिथं पोरगं पाठवलंय. ताडपत्र्या बघा, पण गेल्या वेळच्या नको.”

मी विचारले, तुझे घर?

“माझं यादीत आहे,” तो म्हणाला, “अकरावं,” आणि फोन तुटला.